अळीच्या अंगावरचा कापूस

अळी अंडी घालत नाही. अंडी पतंग घालतो, अंड्यातून अळी निघते, अळीचा कोश होतो आणि कोशातून परत पतंग. हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं, तेही चूक करून झाल्यावर. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शाळेत रेशमाच्या किड्याचा धडा होता, तो मी पाठ करून गुरुजींना म्हणून दाखवला होता. पण धड्यातला किडा वेगळा आणि आपल्या माळावरचा वेगळा, असंच माणूस धरून चालतं.

आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, राधानगरी रस्त्यावरून आत. खाली ओढ्याकाठी ऊस आणि भात, वर माळ. माळावर घरटी एकेक गवताचा तुकडा, त्याला आम्ही कुरण म्हणतो. पावसाळाभर त्यात जनावर सोडायचं नाही. दिवाळीच्या आसपास गवत कापायचं, वाळवायचं आणि दारात गंजी रचायची. त्या गंजीवर म्हशी उन्हाळा काढतात. माझ्या दोन म्हशी होत्या. एक दुभती, दुसरी गाभण, मार्गशीर्षात विणार होती. घर दुधावर चालायचं, कारण ऊस वर्षातून एकदा देतो आणि म्हैस रोज देते. कुरण गेलं की म्हैस गेली, इतकं ते सरळ होतं.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. वर्ष नक्की सांगता येणार नाही. गावात टेलिफोनचा पहिला बूथ त्याच वर्षी उघडला, एवढं आठवतं.

गणपती पोचवून चार दिवस झाले होते. सकाळी मी कुरणाकडे गेले. गवत कमरेला लागत होतं, पण बांधाकडची दहा-बारा हात रुंदीची पट्टी पार खाल्लेली. पानं नाहीत, नुसत्या काड्या. पानाच्या मधल्या शिरा तेवढ्या तारेसारख्या उभ्या. आदल्या दिवशी मी तिथूनच गेले होते आणि तिथं काहीही झालेलं नव्हतं. मला आधी वाटलं कुणाची तरी जनावरं शिरली. पण जनावर खातं तेव्हा तुडवतं. इथं तुडवलेलं नव्हतं. मी खाली वाकून गवताचा एक ठोंब फाकवला. बुडात, ओल्या पाल्यात, बोटाएवढ्या जाड अळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. अंगावर लांब पट्टे. दुसरा ठोंब फाकवला, तिथंही तेच. तिसरा फाकवायचं धाडस झालं नाही.

तालुक्याचे शेतीसाहेब दर गुरुवारी गावात यायचे. खरं पद कृषी सहाय्यक, पण आम्ही साहेबच म्हणायचो. वयानं माझ्या मुलाएवढे असतील. त्यांनी नाव सांगितलं, लष्करी अळी. रात्री झुंडीनं खाते, दिवसा बुडात लपते, एक रान संपलं की दुसऱ्यात जाते. उसाला, भाताला मारायची पावडर त्यांच्याकडं होती. पण हे गवत म्हशीला घालायचं. दोन वर्षांपूर्वी वरच्या गल्लीतली एक रेडी पावडर उडालेलं गवत खाऊन पाय झाडत मेली होती. ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. पावडर नको, असं सगळ्या बायकांनी सांगून टाकलं.

तिथं आमच्या शेजारची एक बाई होती. तिचा मुलगा सैन्यात, म्हणून गाव तिला फौजीची आई म्हणायचं. माझ्याच वयाची. एक म्हैस, एक कुरण आणि गावभर ऐकू जाईल असं तोंड.

ती साहेबांना म्हणाली, "लष्करी म्हणू नका तिला. माझा ल्योक हाय लष्करात. त्यो असलं दुसऱ्याचं खाईत न्हाय."

"मग काय म्हणू, मावशी?"

"चोरटी म्हणा."

साहेब हसले आणि गेले. अळ्या राहिल्या.

आठ-दहा दिवसांनी माळावर नवीनच काही दिसायला लागलं. गवताच्या शेंड्यांना कापसाची बोंडुकली चिकटलेली. लांबून वाटावं, कुणाची उशी फाटून वाऱ्यानं उडाली. जवळ गेले तर प्रत्येक कापसापाशी एक अळी. सुस्त, अंग सुरकुतलेलं, कापसाला बिलगून बसलेली. कापूस बोटानं दाबला तर आत तांदळाच्या कणीसारखे दाणे लागत होते.

मी लगेच म्हणाले, "ही अंडी हायत."

हे पहिल्यांदा कुणी म्हटलं असा वाद पुढे बराच झाला, म्हणून लिहून ठेवते. मी म्हटलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अळी कापसाला धरून बसली आहे, म्हणजे कोंबडीसारखी अंड्यावर बसली आहे, हे इतकं उघड दिसत होतं की विचारायला कुणाकडं जाण्याची गरज वाटली नाही. साहेब यायला अजून सहा दिवस होते. सहा दिवसांत अंडी फुटली असती.

मी बायका गोळा केल्या. आमच्याकडे पैरा असतो. आज तुझ्या रानात मी राबते, उद्या माझ्या रानात तू राबायचं. पैसे नाहीत. ज्याचं रान त्यानं त्या दिवशी चहा आणि भाकरी द्यायची. आलेला पैरा फेडला नाही तर त्या घराला गावात पुन्हा हात मिळत नाही. सहा घरच्या आम्ही नऊ जणी निघालो. प्रत्येकीच्या हातात घमेलं. कापूस दिसला की काडीसकट मोडायचा, बसलेल्या अळीसकट घमेल्यात टाकायचा. दुपारी सगळं एका ठिकाणी ओतायचं, शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचायच्या, रॉकेल शिंपडायचं आणि पेटवायचं. काम सोपं होतं. बाकीच्या अळ्या दिवसा बुडात लपायच्या, त्या हाताला लागत नव्हत्या. कापूसवाल्या तेवढ्या वर, शेंड्याला, डोळ्यांसमोर बसलेल्या. पळतही नव्हत्या. आम्हाला वाटलं, आईला अंडी सोडवत नाहीत.

पहिल्या दिवशी माझं कुरण झालं, दुसऱ्या दिवशी फौजीच्या आईचं. मी मागं राहणारीला ओरडत होते, "ती बघ, तिकडं ऱ्हायली, डोळं फुटलं का काय तुझं?" एकही बोंडुकलं सुटू नये म्हणून मी दोनदा फिरून यायचे.

माझ्या कुरणाला लागून धाकट्या जावेचं कुरण. वाटणी झाल्यापासून सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. खालचा ओलीचा तुकडा तिला गेला, वरचा खडकाळ मला. चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली होती, त्यामुळे भांडायला जागा नव्हती आणि राग म्हणूनच जास्त. तिच्या गवतात कापूस सगळ्यांपेक्षा दाट दिसत होता. तिच्याकडं विचारायला मी गेले नाही, फौजीची आई गेली. मी बांधावर उभी राहून ऐकत होते.

"काय गं, तुझ्यात कवा लागू?"

"माझ्यात कशाला?"

"कशाला म्हंजे? तुझ्यात तर जत्रा भरलीया अंड्यांची."

"भरू दे. मला शिसारी येती. मी हात लावणार न्हाय."

"तू नगं लावूस. आमी हाव की."

"आन नऊ जणींचा चा, भाकऱ्या कोण करणार?"

फौजीच्या आईच्या मागं उभी असलेली एक जण म्हणाली, "चा करायला लागंल म्हणून गवत घालवतीया बघा."

"माझं गवत हाय. ठेवीन न्हायतर घालवीन. तुमी निघा."

ती शहाणपणानं नाही म्हणाली असं कुणी समजू नये. तिला किळस यायची आणि ती चिकट होती. दोन्ही खरं.

पहिल्याच दिवशी मी लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी घेतली होती. त्यात कापसाची चार बोंडुकली ठेवली, गुरुवारी साहेबांना दाखवायला. शिवाय बुडातली एक अळी धरून टाकली, जिच्यापाशी कापूस नव्हता. ती अंडी कशी घालते ते मला बघायचं होतं. तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी चुलीपासून लांब, खिडकीत ठेवली. रोज ताजं गवत घालत होते. दोन दिवस ती अळी मुकाट्यानं खात होती.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या घरचं कुरण उरकून आले, हात धुतले आणि बरणीत बघितलं. अळी काडीवर थांबली होती. तिच्या दोन्ही कुशींची कातडी आतून वर उचलली जात होती, जशी दूध तापताना साय उचलते. मग एका जागी कातडी फाटली आणि पांढरं टोक बाहेर आलं. मग दुसऱ्या जागी. बघता बघता दोन्ही अंगांनी पांढऱ्या बारीक अळ्या बाहेर यायला लागल्या, वळवळत, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. मी मोजल्या. एकवीसपर्यंत मोजल्या आणि थांबले. बाहेर आलेली प्रत्येक अळी तिथंच डोकं हलवत तोंडातून धागा काढून स्वतःभोवती गुंडाळत होती. तासाभरात कापसाचं बोंडुकलं तयार. आणि ज्या अळीच्या कुशी फाडून हे सगळं बाहेर आलं होतं, ती जिवंत होती. डोकं वर करून इकडंतिकडं बघत होती.

मी उंबऱ्यावर बसले. मी तीन बाळंतपणं काढली आहेत, म्हशींची वेतं तर किती काढली त्याची गणती नाही. आडवं आलेलं रेडकू कोपरापर्यंत हात घालून बाहेर घेतलं आहे. रक्त, वार, मेलेलं पिल्लू, यातल्या कशानं मला कधी काही झालं नव्हतं. हे बघून मात्र मी बरणीवर फडकं टाकलं.

फौजीच्या आईला हाक मारली. तिनं बरणीत डोकावून बघितलं.

"बाळंत झाली की," ती म्हणाली.

"बरगडी फाडून?"

"किड्याला काय, कुठनंबी हुतंय."

"आन अंडी कुठं हायत ह्यात? ह्या तर जित्त्या अळ्या बाहेर आल्यात. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"तुझं डोळं. सकाळधरनं उन्हात हाईस. पाणी पी." जाताना म्हणाली, "उद्या मधल्या माळाचं कुरण हाय. लवकर ये. शेणी तुझ्याकडच्या आणायच्यात."

मला शंका आली होती. ती मी इथं लपवत नाही. जे मी अंडी म्हणून जाळत होते ते अंडी नव्हतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. मग ते काय होतं, हे कळलं नव्हतं. पण नऊ जणींना मीच हाका घालून गोळा केलं होतं, अजून तीन कुरणांचा पैरा माझ्या डोक्यावर होता, आणि थांबा म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं, नुसती शंका होती. चौथ्या दिवशी मी शेणी घेऊन गेले. पाचव्या दिवशीही गेले. त्या दोन दिवसांत उरलेली तीनही कुरणं झाली. त्या दिवसांचा धूर गावात उतरला होता. जळलेल्या केसांसारखा वास.

पाचव्या दिवशी परतताना फौजीची आई पुन्हा जावेच्या दारात थांबली. या वेळी विचारलं नाही.

"तुझ्यातनं फुटून आमच्यात आल्या तर बघ. तुझी म्हैस अडली तर कोन उंबरा चढणार न्हाय. तुझ्या लेकीच्या लग्नाच्या पोळ्या तू एकटीच लाट."

जावेनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "या उद्या. पर मला हात लावाय सांगू नगासा."

दुसरा दिवस गुरुवार. पहाटे उठून धारा काढल्या आणि खिडकीतली बरणी सोबत घ्यायला गेले. फडक्याला आतून काहीतरी हलत होतं. उजेडात धरली. पहिल्या चारही बोंडुकल्यांतल्या दाण्यांना वरून गोल झाकणं कापलेली होती, जशी डब्याची कापतात. बरणीभर माश्या. तिळाएवढ्या, काळ्या, कंबर मुंगीसारखी बारीक, चार पंख, डोक्यावर लांब मिशा, त्या सारख्या थरथरत होत्या. मी बरणी फिरवून फिरवून बघितली. माश्या शंभराला कमी नसतील. अळीचं एकही पिल्लू नव्हतं.

दुधाची किटली एका हातात, बरणी दुसऱ्या, अशी मी डेअरीवर गेले. साहेब तिथं चहा पीत उभे होते. त्यांनी बरणी घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि कप खाली ठेवला.

"कुठं सापडलं हे?"

"माळावर. ही अळीची अंडी न्हवं?"

"अंडी नाहीत, काकू. गांधीलमाशीच्या जातीतली आहे ही. बारीक जात. ही अळीला टोचते आणि तिच्या पोटात अंडी घालते. ती पिल्लं अळीला आतून खाऊन मोठी होतात, मग बाहेर येऊन हे कोश करतात. कापूस म्हणजे त्यांचे कोश. ती अळी पुढं मरतेच. जगून पतंग होत नाही." ते खूश झाले होते. "म्हणजे तुमच्या माळावर निसर्गानंच बंदोबस्त केलाय. एक कोश फुटला की पुढच्या पिढीच्या कितीतरी अळ्या ह्या टोचतील. किती आहेत असे कापूस?"

मी म्हणाले, "हुते."

त्यांना आधी कळलं नाही. मी सांगितलं. सहा कुरणं, पाच दिवस, शेणी आणि रॉकेल. शेंड्यावर दिसेल ती प्रत्येक. बुडातल्या राहिल्या.

साहेबांनी बरणी खाली ठेवली. मग हळू म्हणाले, "काकू, तुम्ही सापाला सोडलंत आणि मुंगसाला मारलंत."

किटली तिथंच टाकून मी निघाले. त्या दिवशी माझं दूध मोजायचंही राहिलं. चढण अर्ध्या तासाची, मी ती कशी चढले ते आठवत नाही. वर पोचले तेव्हा बायका जावेच्या बांधावर घमेली घेऊन उभ्या होत्या आणि ती परातीत कप मांडत होती. एकीनं कापसाची पहिली काडी मोडली होती.

"हात लावू नका," मी ओरडले. "ती अंडी न्हाईत. टाका ती काडी परत गवतात."

सगळ्या थांबल्या. मला धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. जसं आलं तसं सांगितलं, माशी, पोट, कोश. मी बोलत होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं की हे त्यांना पटत नाही.

सहा वर्षांनी जाऊ माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "आक्का, सगळ्यांची जाळून झाल्यावर आज आठवलं व्हय? तुमची झाली, ह्येंची झाली. माझं ऱ्हायलं तवा म्हणताय हात लावू नका. माझं गवत जावं असंच हाय तुमच्या मनात."

फौजीची आई म्हणाली, "बरोबर बोलतीया ती. भाऊबंदकी घरात ठेव बाई, माळावर आणू नगंस. चला गं."

इतके दिवस जी बाई नाही म्हणत होती, ती आता मी थांबवते आहे म्हणून जाळायला सांगत होती. आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. बोलून काही होणार नव्हतं. मी तिच्याच गवताचा ठोंब फाकवला, बुडातली एक जाड अळी उचलली, जिच्यापाशी कापूस नव्हता. बांधावरच्या सपाट दगडावर ठेवली. एकीच्या हातातला विळा घेतला आणि टोकानं अळी डोक्यापासून शेपटीपर्यंत उभी चिरली. ही भरलेली निघेल की नाही, मला माहीत नव्हतं. रिकामी निघाली असती तर माझं काही ऐकलं गेलं नसतं.

आत अळीचं काही उरलंच नव्हतं. पिशवीत भात भरावा तशा पांढऱ्या बारीक अळ्या खच्चून भरल्या होत्या. दगडावर सांडल्या आणि वळवळायला लागल्या.

जाऊ दोन पावलं मागं सरली आणि बांधापलीकडं जाऊन ओकली. फौजीची आई दगडाकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आपण जाळल्या त्यातबी हेच हुतं?"

"त्यातलं बाहेर आल्यालं हुतं. तोच कापूस."

"आन चांगल्या अळ्या?"

"त्या बुडात. आपण त्यास्नी हातबी लावला न्हाय."

तिनं घमेलं उपडं करून डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. बाकीच्याही गेल्या. चहा कुणी प्यायला नाही.

साहेबांनी ती बरणी शेती कॉलेजात पाठवली. बऱ्याच महिन्यांनी त्यांना उत्तर आलं. घराणं ओळखीचं आहे, पण नेमकी जात सांगता येत नाही, माळाच्या गवतात अशा पुष्कळ आहेत आणि सगळ्यांना अजून नावं पडलेली नाहीत. मला याचंच नवल वाटलं. पायाखालच्या गवतात राहते, आमच्या म्हशी जगवते आणि नाव नाही. पुढे दोन हजार सालानंतर उसावर लोकरी मावा आला, खाली शिरोळकडं आल्याचं आधी ऐकलं, मग आमच्याकडे. तेव्हा कारखान्याची माणसं मावा खाणारे मित्रकिडे बसलेली पानं कापून आणायची आणि आपल्या उसात लावा म्हणायची. बायका हसायच्या, आता साखरेऐवजी किडे वाटतात म्हणून. मला हसू आलं नाही. मी पान दोन हातांनी धरून नेलं आणि सांगितल्या जागी लावलं.

पण ते नंतरचं. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला अळीची दुसरी पिढी आली. सहा कुरणं पाच दिवसांत गेली. मी माझ्या कुरणात उभी होते आणि पलीकडच्या टोकाला बसलेला कुत्रा मला दिसत होता. एवढ्या गवतातून कुत्रा कधी दिसला नव्हता. काड्यासुद्धा उरल्या नव्हत्या, तांबडी माती आणि खुंट. आणि बांधाच्या पलीकडे जावेचं गवत उभं. कडेचं दोन हात खाल्लेलं, बाकी तुऱ्यावर आलेलं. साहेब म्हणाले की एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, तिचा तुकडा ओलीचा आहे, गवत जात्याच जोमाचं. असेल. पण दरवर्षी तो तुकडा ओलीचाच होता आणि दरवर्षी इतका फरक नव्हता.

जावेला एवढं गवत कापायला हात हवे होते. तिनं निरोप पाठवला, तिसऱ्या भाऱ्यावर या. म्हणजे तीन भारे कापायचे, दोन तिला, एक आपल्याला. थोरली जाऊ धाकटीच्या बांधावर मजुरीला. मी गेले. गाभण म्हशीला मान कळत नाही, वैरण कळते. पाच घरच्या गेल्या. सहाव्या घराला तिनं निरोप धाडला नव्हता.

पहिल्या दिवशी कापताना मी म्हणाले, "फौजीच्या आईला बोलीव की."

"तिला न्हाय," जाऊ मान वर न करता म्हणाली. "माझ्या लेकीच्या लग्नावर गेलती ती."

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. अंडी मी म्हटलं होतं, त्या बाईनं नुसती माझी री ओढली होती. पण मी जास्त बोलले असते तर जावेनं मलाही घरी पाठवलं असतं, आणि माझा तिसरा भारा गेला असता. मी विळा चालवत राहिले.

फौजीच्या आईनं दिवाळीपासून उसाच्या वाड्यावर, म्हणजे तोडणीत उरलेल्या हिरव्या शेंड्यांवर, म्हैस रेटली. मग वाडंही पुरेना. पौषात एका बाजाराच्या दिवशी सकाळी मी दारात गवत सोडवत बसले होते. माझी म्हैस व्याली होती, रेडकू दावणीला होतं. फौजीची आई म्हशीला घेऊन रस्त्यानं आली. म्हशीच्या शिंगांना तेल लावलेलं, गळ्यात नवं दावं. विकायला न्यायच्या जनावराला तसं करतात. बांधावरच्या त्या सकाळनंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. ती पुढं जाईल असं मला वाटलं, पण ती थांबली. माझ्याकडं बघितलं नाही, गंजीकडं बघितलं.

"एक पेंढी टाक की गं हिला," ती म्हणाली. "बाजार लांब हाय."

मी उठले आणि दोन पेंढ्या म्हशीपुढं टाकल्या. ती दावं धरून उभी राहिली. म्हशीचं खाऊन झाल्यावर तिनं खाली पडलेल्या चार काड्या वेचल्या, त्याही म्हशीच्या तोंडात दिल्या आणि दावं ओढलं.